कोपरापर्यंतची रोटी

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी चंद्रकलाबाईंच्या छातीतली नळी काढण्यात आली. नळी वर्षाहून जास्त काळ आत होती. काढायला फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी जखमेवर दाब धरून ठेवला होता आणि मान हलवायची मनाई होती. तेव्हा छताकडे पाहत चंद्रकलाबाईंनी विचारलं, "मंग आता रोटी कवा टाकू?"

डॉक्टर म्हणाले, "आधी जखम तर सुकू द्या."

"जखम छातीले हाय. रोटी आमी हातानं टाकतो."

पायाशी उभे असलेले त्यांचे पती दादाराव हसले. डॉक्टर हसले नाहीत, कारण हात हाच खरा प्रश्न होता.

मी वर्ध्यात डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि यंदा निवृत्त झालो. त्याआधी काही वर्षं इथल्या एका दैनिकात तालुक्यांहून येणाऱ्या बातम्या नीट करायचं काम केलं होतं. तिथे शिकवलं होतं की काय झालं ते आधी लिहा, आणि कुणाला काय वाटलं ते त्यानं तोंडानं सांगितलं असेल तरच लिहा. पाळी संपवताना पुढच्या तंत्रज्ञाला नेमकी हीच माहिती हवी असते, त्यामुळे ती सवय नव्या कामातही टिकली.

डायलिसिस म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगता येतं. मूत्रपिंडं बंद पडली की अंगात घाण आणि पाणी साठत जातं. मशीन रक्त बाहेर घेतं, गाळतं, जास्तीचं पाणी काढतं आणि रक्त परत अंगात सोडतं. चार तास लागतात. आठवड्यातून तीनदा यावं लागतं, आणि मूत्रपिंड बदललं नाही तर हे जन्मभर चालतं.

रक्त बाहेर काढायला वाट लागते. चांगली वाट म्हणजे फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशननं एकमेकींना जोडतात. काही आठवड्यांत शीर फुगून दोरासारखी होते आणि तिच्यात जाड सुया टोचता येतात. तिच्यावर बोट ठेवलं तर आत गुरगुर जाणवते. दुसरी वाट नळीची. ती मानेच्या शिरेतून हृदयाजवळ जाते आणि छातीवर बाहेर येते. ही घाईची वाट आहे. फिस्टुला तयार झाला की ती काढायची असते.

चंद्रकलाबाईंनी फिस्टुला करू दिला नाही.

त्या वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत मुलाकडे राहत. मूळच्या गिरडकडच्या, साठीच्या आसपासच्या. व्यवसाय लांब रोटीचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांना ही रोटी कदाचित माहीत नसेल. कणीक कापडातून गाळून घेतात. ती सैल भिजवून हातानं आपटत राहतात. तुटणार नाही इतकी चिवट झाली की तिचा गोळा ओल्या हातावर घेतात. गोळा एका तळव्यावरून दुसऱ्यावर झेलता झेलता पसरतो, मनगटावरून खाली उतरतो आणि शेवटी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत धुतलेल्या पातळासारखा लोंबतो. मग तो चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायचा. मटणाच्या रश्शाबरोबर ही रोटी खातात. लग्नं, नवसाची जेवणं अशा ठिकाणी रोटी टाकणाऱ्या बाईला खास बोलावणं असतं. गिरडच्या समुद्रपूर तालुक्यात ते बहुतेक चंद्रकलाबाईंना असे. त्या रोटी टाकत, दादाराव लाकडं आणि मडकी सांभाळत.

डायलिसिसच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी डावा हात मागितला.

"हात नाई देत," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"एकच हात. मनगटाजवळ छोटी चीर."

"एका हातानं रोटी होते का? तुमीच टाकून दाखवा."

"डाक्टरसायब," दादाराव म्हणाले, "हे बाई मले एका हातानं हाणते, पन रोटीले तिले दोन लागते."

"तुमी चूप बसा. तुमचं काम चूल फुकाचं." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "मानीत टाका, छातीत टाका. हात सोडून कुठीबी टाका."

डॉक्टरांनी नळीचे धोके सांगितले. जंतू, ताप, गुठळी. दर महिन्याला पुन्हा सांगितले. त्या ऐकून घेत. बऱ्या होऊन कामाला परत जायचं आणि त्यासाठी हात जपायचे, एवढा त्यांचा हिशेब होता. डायलिसिसनं माणूस बरा होत नाही, तो चालू राहतो, हे त्यांना कळायला वेळ लागला. सगळ्यांनाच लागतो.

डायलिसिसच्या खोलीत बोलणं बहुतेक खाण्यापिण्याचं असतं. पाण्यावर बंधन, मिठावर बंधन, फळांवर बंधन. खाटांवर पडलेली माणसं एकमेकांना चवी वर्णन करून सांगतात. कुणी विहिरीचं पाणी सांगतो, कुणी आर्वीकडची संत्री, कुणी गोळाभात. चंद्रकलाबाई मात्र खाण्याविषयी बोलत नसत. त्या करण्याविषयी बोलत.

"लाकूड बाभुळीचं पायजे, भाऊ," त्या मला सांगत. "जाळ मोठा नाई, लहान नाई. मडकं तापलं का त्याच्यावर पानी शिपडाचं. पानी नाचलं पायजे. मंग हातावरची रोटी थंडी लागते अन् मडक्याची वाफ कोपराले लागते. ते जे लागते ना…" पुढचं वाक्य त्या पुरं करत नसत. हात चादरीवर उचलून धरत आणि परत ठेवत.

शेजारच्या खाटेवर रोहण्याचे वानखडे असत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना फिस्टुला होता.

"बाई, बरी झाली का मले एक रोटी पायजे. मटनासंग."

"घोटभर पानी मांगता येत नाई अन् मटन मांगून राह्यले."

"वास तरी घेईन."

"वासाचं वजन काट्यावर येते म्हनते, ड्रायव्हरभाऊ. हो का नाई, भाऊ?"

काटा म्हणजे दाराजवळचा वजनकाटा. आमच्या कामात त्याला मोठा मान आहे. प्रत्येक रुग्णाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं. अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर जे उरायला हवं, ते. रुग्ण आला की वजन करायचं, कोरड्या वजनापेक्षा जितकं जास्त असेल तितकं पाणी काढायचं. जाताना काटा ठरलेल्या आकड्यावर आला की रुग्ण, नातेवाईक आणि तंत्रज्ञ सगळेच समाधानी. वानखडे काट्यावरून उतरताना म्हणत, "तेच वजन. म्हंजे गाडी बरोबर चालून राह्यली."

चंद्रकलाबाईंचंही तेच वजन होतं. महिन्यांमागून महिने तेच.

या आकड्यात एक अडचण आहे. माणसाचं मांस कमी झालं आणि तेवढंच पाणी अंगात राहिलं, तर काटा तोच आकडा दाखवतो. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही.

इतर खुणा होत्या. रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू होती, पण रक्त वाढत नव्हतं. जेवण जात नव्हतं. "तोंडाले लोखंड लागते," त्या म्हणत. मशीन सुरू झाल्यावर कधीकधी थोडी हुडहुडी भरे आणि जाई. घरी पथ्य कडक होतं. वरण नाही, अंडी नाहीत, मटण नाही. सून ते मनापासून पाळत होती. पण ते पथ्य डायलिसिस सुरू होण्याआधीचं होतं, मूत्रपिंडांवरचा भार हलका ठेवण्यासाठी दिलेलं. डायलिसिस सुरू झाल्यावर ते उलटतं, कारण मशीन थोडी प्रथिनंही घेऊन जातं आणि रुग्णाला ती जास्त लागतात. नवं पथ्य सांगितलं गेलं होतं. घरात जुनंच चालू राहिलं. आमच्याकडे हे बऱ्याच घरांत घडतं, आणि जितकं घर काळजीचं तितकं जास्त घडतं.

फाल्गुनात गिरडला एका कुटुंबाची कंदुरी होती. नवस फेडायचा, बोकड कापायचा, तिथल्या दर्ग्याच्या डोंगराखाली पंगती बसवायच्या. त्या घरच्या अशा जेवणांना रोट्या कायम चंद्रकलाबाईंच्याच असत. बोलावणं आलं.

"माही मशीनची पाळी एक दिवस आंधी करून द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले गिरडले जाच हाय."

त्या पहिल्यांदाच कशासाठी तरी उतावळ्या दिसल्या. डॉक्टरांनी नळी ओली होऊ देऊ नका, धुरात फार बसू नका, एवढं सांगून परवानगी दिली. वानखडे म्हणाले, "माही रोटी बांधून आनजो." त्या म्हणाल्या, "आनतो."

पुढचं दादारावांनी पुढच्या पाळीला सांगितलं. चंद्रकलाबाई तेव्हा खाटेवर होत्या आणि ऐकत होत्या.

"पीठ इनंच मळलं. मले हात लावू देल्ला नाई. मळता मळता दोनदा खाली बसली. मंग मडकं तापलं. गोळा घेतला, या हातावून त्या हातावर केला. पयली फाटली. मी म्हटलं, होते कवाकवा पयली. दुसरीबी फाटली. तिसरी हातावून सरकून सिध्धी चुलीत."

"पीठ पातय झालतं," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"पीठ तेच होतं वं."

दादारावांनी चंद्रकलाबाईंचा हात चादरीवरून उचलून मला दाखवला.

"अन् ह्या बांगड्या, भाऊ," दादाराव म्हणाले. "आंधी रोटी टाकाच्या पह्यले वर चढवे, तं कोपराखाली मांसात अशा रुते का जेवणं होईस्तोर हालत नोत्या. परवा चढवल्या का खाली. चढवल्या का खाली. त्याच्यातच पीठ गुतलं."

"मग जेवणाचं काय झालं?" मी विचारलं.

"त्या घरच्या बायायनं तव्यावर पोया केल्या. ही मडक्यापाशी बसून राह्यली. जेवली नाई."

वानखडे आपल्या खाटेवरून म्हणाले, "जाऊ द्या, बाई. मले तसंही मटन नाई चालत."

डॉक्टर फेरीला आले तेव्हा दादारावांनी तेच पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी चंद्रकलाबाईंच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि सोडल्या. त्या मनगटावर आल्या. पाळी संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, हातांची घडी घालायला लावली आणि तसंच उभं राहायला सांगितलं. चंद्रकलाबाई उठू शकल्या नाहीत. दोन्ही पायांवर बोट दाबलं की खळगा पडत होता. काट्यावरचं वजन तेच होतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. अंगात दाह असल्याचं त्यात आलं, आणि तो बराच काळ असावा. डॉक्टरांनी खाटेशी स्टूल ओढून घेतलं.

"बाई, चुलीत राखेखाली निखारा राहतो ना? तशी आग अंगात असली की अंग तिला सरपण घालत राहतं. सरपण म्हणजे स्वतःचंच मांस. मांडीचं, हाताचं. भूकही तीच मारते. रक्त वाढत नाही तेही तिच्यामुळेच."

"कुठी हाय आग?"

डॉक्टरांनी छातीवर बाहेर आलेल्या नळीला बोट लावलं. "बाकी सगळं तपासलं. बहुतेक इथं. परकी वस्तू आहे. आतून जंतूंचा थर धरते. दर वेळी मोठा ताप येतोच असं नाही."

चंद्रकलाबाईंनी दोन्ही हात पांघरुणाखालून बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे ज्याच्यासाठी नळी ठेवली…" त्या म्हणाल्या.

दादाराव बाहेर जाऊन उभे राहिले.

मग चंद्रकलाबाईंनी विचारलं, "हात देल्ला तं मांस वापस येईन?"

"काही येईल. सगळं येईल असं मी सांगत नाही. पण नळी राहिली तर जे आहे तेही जाईल."

"कोनता हात पायजे?"

"तुम्हीच सांगा."

चंद्रकलाबाईंनी पडल्या पडल्या हवेत हात हलवून पाहिले, गोळा झेलल्यासारखे. उजव्यावरून डावा, डाव्यावरून उजवा. मशीनची घंटा वाजली, मी ती बंद केली. "उजवा फेकते," त्या म्हणाल्या, "डावा नुसता झेलते. डावा घ्या. पन कोपराखाली हात नका लावू."

डॉक्टरांनी शिरा तपासल्या आणि कोपराच्या वर फिस्टुला करता येईल असं सांगितलं. त्या हाताला ओझं लटकवायचं नाही, तो दाबून झोपायचं नाही, त्यात बांगड्या घालायच्या नाहीत.

"बांगड्या नाई?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "अवो, हे जिते हाय ना अजून."

दादाराव दारातून म्हणाले, "उजव्या हातात ठेव ना वं. अर्ध्या ठेवल्या म्हंजे मी अर्धा जिता."

"तसेही अर्धेच हा."

त्याच दिवसापासून डॉक्टरांनी सगळ्यांचीच कोरडी वजनं पुन्हा ठरवायला घेतली. चंद्रकलाबाईंचं कमी केलं. पाळी जड गेली, पायात गोळे आले, पण सूज उतरली, आणि तेव्हा सगळ्यांना त्या खऱ्या किती उरल्या आहेत ते दिसलं. वानखडेंचंही कमी करावं लागलं. सूज पाहायला त्यांचा मोजा काढला तर तळपायाला एक जखम निघाली. साखरेच्या आजारामुळे ती त्यांना दुखत नव्हती आणि त्यांनी ती घरी सांगितलीही नव्हती. "क्लचचा पाय हाय," ते म्हणाले, "आता गाडीच नाई तं क्लच कायले पाह्यचा."

चंद्रकलाबाईंचं फिस्टुलाचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. शीर फुगावी म्हणून रुग्णाला रबराचा चेंडू देतात, तो दिवसभर दाबायचा. चंद्रकलाबाईंनी चेंडू पाहिला आणि परत दिला. पुढच्या पाळीला दादाराव स्टीलच्या डब्यात कणकेचा गोळा घेऊन आले. डॉक्टरांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. तेव्हापासून चंद्रकलाबाई डायलिसिस चालू असताना आणि घरीही डाव्या हातानं गोळा मळत. खोलीत भिजल्या कणकेचा वास येऊ लागला. समोरच्या खाटेवरची एक म्हातारी रोज विचारी, "कोनाकडे सयपाक हाय?"

दुसऱ्या डब्यात उकडलेली अंडी असत. त्यातला पांढरा भाग खायचा होता.

"गिळ," दादाराव म्हणत.

"लोखंड लागते."

"लोखंड गिळ. हात लोखंडाचे होईन."

"पिवळं कोन खाते मंग?"

"मी हाय ना. मले कोनती बिमारी हाय?"

फिस्टुला तयार झाला. पहिल्या दिवशी सुया मी टोचल्या. नीट चालला. त्यानंतर काही आठवडे नळी नुसती होती, आणि तान्ह्या पोळ्याला ती निघाली. हुडहुडी थांबली. दाहाचा आकडा उतरला, पूर्ण नाही. रक्त हळूहळू वाढू लागलं. जेवण जाऊ लागलं. हात थोडे भरले. स्टुलावरून घडी घालून उठणं दिवाळीच्या सुमाराला जमलं, दुसऱ्या प्रयत्नात.

वानखडे दसऱ्याच्या आधी वारले. पायाची जखम वर चढली होती. त्यांची खाट सेलूच्या एका शिक्षकांना देण्यात आली. चंद्रकलाबाईंनी पहिल्या दिवशी त्या शिक्षकांना विचारलं, "तुमाले रोटी आवडते का?" ते म्हणाले, "मी मटण खात नाही." त्या म्हणाल्या, "बरं."

थंडीत एका रविवारी त्यांनी पिपरी मेघेच्या घरामागे चूल मांडली. मला बोलावणं होतं. दादारावांनी बाभळीची लाकडं आणली होती. मडकं नवं होतं, जुनं गिरडहून येताना फुटलं होतं. पीठ सुनेनं मळलं, चंद्रकलाबाई बाजूला बसून सांगत होत्या. "आपट. आनखी आपट. त्याले राग नाई येत." मग त्या स्वतः उठल्या.

मडक्यावर पाणी शिंपडलं. पाणी नाचलं.

पहिली रोटी फाटली. दुसऱ्या वेळी त्यांनी गोळा लहान घेतला. उजव्या हातातल्या बांगड्या वर चढवल्या, त्या खाली आल्या. दादारावांनी आपल्या दुपट्ट्याची कड फाडली आणि बांगड्या कोपराखाली बांधून दिल्या. डावा हात रिकामा होता. सुयांच्या खुणा कोपराच्या वर होत्या. गोळा या हातावरून त्या हातावर गेला, पसरला, मनगटाखाली उतरला आणि मनगट व कोपर यांच्या मध्यावर येऊन थांबला. त्यांनी तो पुढे ढकलला नाही. मडक्यावर सोडला. तो फाटला नाही.

रोटीची घडी घालून त्यांनी सुनेच्या हातात दिली. सून म्हणाली, "आई, लहान झाली."

"हातच लहान झाला. मंग रोटी कायची मोठी होते?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरभाऊले एवढीबी पुरली असती."

त्या दिवशी आणखी काही रोट्या झाल्या. सगळ्या तेवढ्याच होत्या. चैत्रात गिरडच्या त्याच कुटुंबानं घरातल्या एका जेवणासाठी पुन्हा बोलावलं. रोट्या सुनेनं टाकल्या, पहिल्या काही चंद्रकलाबाईंनी. त्या आजही आठवड्यातून तीनदा येतात, त्याच खाटेवर, कणकेचा डबा घेऊन. परवा मी भेटायला गेलो तेव्हा बांगड्या चिंधीनं बांधलेल्या होत्या.

हे लिहीपर्यंत कोपरापर्यंतची रोटी झालेली नाही.